कळकलेल्या साराची कहाणी

तांदूळ घेतलेत का हातात? पाचपाच दाणे पुरेत, मूठ भरायची नाही. वाती मागाहून वळा. लेकरं अंगणात असतील तर आत बोलवा, मांडीवर घ्या. रडली तर रडू देत. कहाणी त्यांचीच आहे.

ऐक रांधणाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, खाडीच्या काठी होतं. तिथं एक खोत होता. खोताची खोतीण होती. तीन मुलगे होते, तीन सुना होत्या. थोरली होती, मधली होती, धाकटीचं नाव आवडी होतं. कणग्यांत भात होतं, गोठ्यात गाय होती, परसात फणस होता. कशाला काही कमी नव्हतं. प्रत्येक सुनेच्या पदराला लेकरू होतं.

त्या घरी रांधणाईचा कुळाचार होता. वैशाखातला शेवटचा मंगळवार आला की आमसुलाचं सार करायचं. देवीच्या तांब्याच्या तपेल्यात करायचं. ते रात्रभर देव्हाऱ्यापुढं झाकून ठेवायचं. का, तर रात्री देवी येते, सार चाखते, म्हणून. बुधवारी सकाळी झाकण काढायचं. पहिला प्रसाद कुणाला, तर घरच्या लेकरांना. भातावर सार घालायचं, वर वाटीभर प्यायला द्यायचं. मोठ्यांनी थेंबभर जिभेवर घ्यायचं, कपाळाला हात लावायचा. खोतणीचा तर उपास. तो ती बुधवारी सांजेला सोडायची. तोवर तपेलं घासून पालथं पडलेलं असायचं.

खोतणीची सासू होती तोवर ते तपेलं दरसाल कल्हईला जायचं. रस्त्याकडेला कल्हईवाला भट्टी लावायचा. तपेलं आतून पांढरं होऊन यायचं. मग सासू वारली. किल्ल्या खोतणीच्या कमरेला आल्या. खोतीण सोवळ्याची होती, भारी कडक होती. ती म्हणाली, कल्हईवाला गावोगाव हिंडतो. कुणाकुणाची भांडी हाताळतो. त्याचा हात, त्याच्या भात्याची राख माझ्या देवीच्या तपेल्यात नको. तपेलं घराबाहेर जायचं थांबलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, कल्हई झिजली. आतलं तांबं उघडं पडलं. खोतीण ते चिंचेनं घाशी, राखेनं घाशी, उन्हात धरी. बघा बघा म्हणे, आतबाहेर कसं सोन्यासारखं आहे. सुना बघत, मान डोलवत.

मग काय झालं? वैशाख आला. मंगळवार झाला. बुधवारी लेकरांनी सार प्यालं. थोरलीच्या मुलाला सार भारी आवडायचं, त्यानं दोनदा मागून घेतलं. दुपारी मासा शिजला, तो त्यानं जेमतेम खाल्ला. आई, पोटात कसंसं होतंय, म्हणाला. थोरलीनं दूध तापवलं, दोन घोट पाजलं. सांजेला मूल ओकलं. ओकत राहिलं. दुसऱ्या दिवशी गेलं.

खोतानं गावच्या जाणत्याला बोलावलं. जाणता ओसरीवर बसला. "काय खाल्लं?"

"मासा खाल्ला."

"त्यावर काय घेतलं?"

"दूध घेतलं."

"मग झालं तर," जाणता म्हणाला. "वैऱ्यावर वैरी घातला. माशावर दूध म्हणजे विष. पाजलं कुणी?"

"मी पाजलं," थोरली म्हणाली. खोटं कशाला बोलेल? तिनंच पाजलं होतं. खोतीण उठली, तिचा हात धरला, दाराबाहेर घातली. आईच्या हातानं लेकरू मारलंस, पुन्हा उंबरा चढू नको, म्हणाली. थोरली खाडीच्या वाटेनं गेली. तिचा नवरा ओसरीवरून बघत राहिला.

पुढचा वैशाख आला. मंगळवार झाला. बुधवारी लेकरांनी सार प्यालं. मधलीनं कानाला खडा लावला होता, माशाचं नाव नको, दुधाचं नाव नको. तिच्या मुलीनं दुपारी फणसाचे गरे खाल्ले. आई, मळमळतंय, म्हणाली. मळमळ थांबावी म्हणून मधलीनं आजोबांच्या डब्यातून पान घेतलं, बोटभर विडा करून तिच्या तोंडात घातला. सांजेला मूल ओकलं. ओकत राहिलं. दुसऱ्या दिवशी गेलं.

जाणता आला, ओसरीवर बसला. "काय खाल्लं?"

"फणस खाल्ला."

"त्यावर काय घेतलं?"

"विडा घेतला."

"मग झालं तर. वैऱ्यावर वैरी घातला. फणसावर पान म्हणजे पोट फुगून मरण. खाऊ घातलं कुणी?"

"मी घातलं," मधली म्हणाली. खोतणीनं तिचा हात धरला, दाराबाहेर घातली. मधली बागेच्या वाटेनं गेली. तिच्या पाठीमागं दार लागलं.

बायांनो, तुम्ही मनात म्हणत असाल, एवढं धडधडीत कुणाला दिसलं कसं नाही? दुसऱ्याच्या घरातलं सगळ्यांना दिसतं. आपल्या घरात देवाचं म्हटलं की डोळे मिटायची सवय असते. आजी मिटायची, आई मिटते, आपणही मिटतो. असो. पुढं ऐका.

आता राहिली आवडी. आवडीचा मुलगा नारू पाच वर्षांचा. मांडीवर तानी, चैत्रात जन्मलेली, महिन्याची. आवडीनं भीतीनं घर भरून टाकलं. मासा एकीकडं, दूध एकीकडं. दही वेगळं, केळं वेगळं, फणस तर दारातून आत येऊ देईना. एका घासावर दुसरा घास द्यायचा तर मध्ये पाणी पाजायची आणि अंगाऱ्याचं बोट लावायची. नारू वाळून काटकी झाला. पण जिवंत होता, आणि तिला तेवढंच हवं होतं.

वैशाख आला. मंगळवार झाला. बुधवारी आवडीनं ठरवलं, आज नारूच्या पोटात दुसरं काही जायचं नाही. देवीचा प्रसाद तेवढा जाईल. देवीच्या प्रसादाला कशाचं वैर? तिनं भात कालवला, त्यावर सार घातलं. वाटी भरली. नारूनं घोट घेतला नि तोंड वाकडं केलं.

"आई, सार कळकलंय."

"असं म्हणू नये. देवीचं आहे."

"जीभ कशीशी होते. नको मला."

"देवीच्या ताटाला नावं ठेवतोस? पी बघू." आवडीनं वाटी त्याच्या ओठांना लावली. डोक्यामागं हात धरला. एक घोट पाजला, दुसरा पाजला, तिसरा पाजला. वाटीच्या तळाशी राहिलेलं बोटानं निपटून त्याच्या जिभेवर टेकवलं. नारूनं आईकडं बघत गिळलं. शहाणं लेकरू होतं.

सांजेला नारू ओकला. ओकत राहिला. दुसऱ्या दिवशी गेला.

जाणता आला, ओसरीवर बसला. "काय खाल्लं?"

"सारभात."

"त्यावर काय घेतलं?"

"काही नाही."

"मासा?" "नाही." "फणस?" "नाही." "केळं, ताक, दही, दूध?" "नाही हो, नाही. देवीचा प्रसाद तेवढा दिला. दुसरं काही नाही."

जाणत्यानं खोताकडं बघितलं, खोतानं खोतणीकडं. "प्रसादानं कुणी मरत नाही," जाणता म्हणाला. "बाई काहीतरी लपवते. चोरून दिलं असणार. दोघींनी कबूल तरी केलं. ही कबूलही करत नाही."

काय खाल्लं ते त्यानं तीनदा विचारलं. कशातलं खाल्लं ते एकदाही विचारलं नाही.

खोतणीनं आवडीचा हात धरला. आवडी म्हणाली, "आत्याबाई, तानीला तरी द्या. अंगावर पिते ती." खोतीण म्हणाली, "तुझ्या हाताला मरण आहे. दोन खाल्ली त्यांनी, तिसरं तू. हे एक आता माझ्याकडं राहील. गाईच्या दुधावर वाढेल." आवडीनं नवऱ्याकडं बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता, अंगठ्यानं जमीन उकरत होता. आवडी दाराबाहेर आली. दूध भरून आलं होतं. चोळी ओली झाली, रस्ताभर ओली राहिली.

मग आवडी वणवण फिरली. कुणाचं भात कांडलं, कुणाचं अंगण सारवलं, कुणाची धुणी धुतली. रांधायला मात्र कुठं बसली नाही. कुणी पाणी मागितलं तरी म्हणायची, माझ्या हातचं घेऊ नका. कुणाचं लेकरू जवळ आलं तर हात पाठीमागं धरायची. खोतीण म्हणाली ते तिला पटलं होतं. म्हणून तर ती तानीला बघायलासुद्धा गेली नाही. आपण लांब राहिलो तर पोर जगेल, एवढाच तिचा हिशेब होता.

असं करता करता वर्ष सरलं. वैशाख आला. आमसुलं वाळत घातलेली दिसली की आवडीचं काळीज फाटायचं. एके दिवशी मनानं घेतलं, आता जगायचं नाही. कसं मरायचं? ज्यानं लेकरं मेली म्हणतात त्यानंच मरायचं.

खाडीच्या काठी गेली. तिथं एका झोपडीपुढं एक बाई मासे सुकवत होती. हाडं वर आलेली, केस पांढरे झालेले. बघते तर थोरली जाऊ. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. नुसत्या समोर बसल्या.

"जाऊबाई, मला मासा द्या नि वर दूध द्या. मला मरायचंय."

थोरली हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "आवडे, मी आले त्या दिवसापासून खाते आहे. मासा खाते, वर दूध पिते. जिच्या झोपडीत राहते ती कोळीण दयाळू, मागेन ते देते. तिची पोरंही तेच खातात, कालवणावर दूधभात ओरपतात. त्यांना काही होत नाही. मलाही होत नाही. मेले असते तर तुला दिसले असते का?"

तिनं ताट वाढलं. आवडीनं मासा खाल्ला, वर दूध प्याली. पडून राहिली. संध्याकाळ झाली, सकाळ झाली. आवडी जिवंत होती, उलट भूक लागली होती.

मग ती बागेच्या वाटेनं गेली. बागेत विहीर होती. माळीण पाणी शेंदत होती. आवडीनं विचारलं, "बाई, इकडं खोताची मधली सून आली होती का?"

माळणीनं दोर सोडला. "आली होती. माझ्याकडं फणस मागितला, विडा मागितला. दोन्ही खाल्लं, झाडाखाली निजली. सकाळी उठली, रडली. मी म्हटलं, अगं आम्ही जन्मभर गरे खातो नि वर पान चघळतो, त्यानं कोण मरतं? तर ती म्हणाली, मग माझी पोर कशानं गेली? मी फुलं काढायला वळले. मागं आले तर विहिरीच्या काठावर नुसत्या वहाणा."

आवडी विहिरीच्या काठावर बसली. माळणीकडून गरे घेतले, खाल्ले. वर विडा खाल्ला. पडून राहिली. सकाळ झाली. आवडी जिवंत होती. तिनं मधलीच्या वहाणा पदरात बांधल्या नि उठली.

चालता चालता उकिरड्याशेजारी एक खोपट लागलं. दारात एक म्हातारी चूल फुंकत होती. डोळे धुरानं लाल, तोंड बोळकं, नेसूचं चिंध्यांचं. आवडी म्हणाली, "आजी, माझं लेकरू सारभात खाऊन गेलं. मलाही सारभात द्या. मला मरायचंय."

"मरायला माझ्याच दारात आलीस?" म्हातारी खेकसली. "बैस. रिकाम्या पोटी कुणाला मरू देत नाही मी."

मडक्यात आमसुलाचं सार होतं. कालचं होतं, रात्रभर मुरलेलं. म्हातारीनं भातावर ओतलं. आवडीनं डोळे मिटले, घास घेतला. आंबट लागलं, गोड लागलं, जिऱ्याचा वास आला. दुसरा घास घेतला. तिसरा घास घेताना तिचा हात थांबला. नारूचं तोंड डोळ्यांपुढं आलं. आई, सार कळकलंय. जीभ कशीशी होते.

"आजी, ह्याला तसली चव नाही."

"कसली?"

"लेकरू म्हणालं होतं. कळकलंय म्हणालं होतं."

"मडक्यातलं सार कशाला कळकेल? आंबट नि उघडं तांबं, ह्या दोघांचं वैर. मासा नि दूध कधी भांडले नाहीत, फणस नि पान कधी भांडले नाहीत. सोसेल त्यानं खावं, सोसत नसेल त्यानं सोडावं. पण तुझ्या घरी सार कशात निवत होतं गं रात्रभर?"

आवडीच्या हातातला घास खाली पडला. तिला तपेलं दिसलं, आतून सोन्यासारखं. आपला हात दिसला, नारूच्या डोक्यामागं धरलेला. तिनं छाती पिटली, जमिनीवर कपाळ आपटलं. "त्यानं सांगितलं होतं. आजी, त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी पाजलं!"

म्हातारीनं तिला रडू दिलं, उगी म्हटलं नाही. लाकडं पुढं सारली, राख मागं ओढली. मग म्हणाली, "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"वैशाखातला कितवा?"

आवडीनं डोकं वर केलं. शेवटचा मंगळवार होता. तपेलं आत्ता चुलीवर असेल. तानी वर्षाची झाली. त्या घरी लेकराचं उष्टावण देवीच्या सारभातानं होतं, बुधवारी सकाळी. तोवर भाताचं शीतसुद्धा तोंडाला लावत नाहीत.

"येऊ नको म्हणतील," म्हातारी म्हणाली. "हाताला मरण आहे म्हणतील."

"म्हणू देत."

"मग वसा घेऊन जा. सणाआधी भांड्याचा तळ उजेडात बघावा. तांबं उघडं दिसलं, पितळ उघडं दिसलं, तर कल्हईला द्यावं. कुणाच्या हातचं विचारू नये. आंबट मातीत ठेवावं, नाही तर दगडीत ठेवावं. लेकराला द्यायच्या आधी आपण चाखावं. आणि लेकरू नको म्हणालं तर हात आवरावा. देवीचं असलं तरी आवरावा. घेशील?"

"घेतला."

"उतू जाशील?"

"काय आहे माझ्यापाशी उतायला?"

"टाकशील?"

"मेले तरी टाकणार नाही." आवडी पाया पडायला वाकली. उठून बघते तर खोपट नाही, चूल नाही, म्हातारी नाही. हातात एक मडक्याची खापरी तेवढी होती, कोमट. मग आवडी पळत सुटली. खाडीवर गेली, थोरलीला हाक मारली. जाऊबाई, चला. कशाला, कुठं, थोरलीनं विचारलं नाही. दोघी निघाल्या.

बुधवारी सकाळी खोताच्या अंगणात रांगोळी होती, दाराला तोरण होतं. खोतीण पाटावर बसली होती. मांडीवर तानी, अंगात नवं झबलं, कपाळाला तीट. समोर तपेलं. चांदीच्या वाटीत सारभात कालवला होता. खोतणीनं बोटावर घास घेतला, तानीच्या ओठांजवळ नेला.

"आत्याबाई, थांबा!"

आवडी दारात उभी होती. पायांना फोड आलेले, पदर फाटलेला. खोतीण ओरडली, "कुणी येऊ दिली हिला? शुभाच्या दिवशी अवदसा! बाहेर काढा!" खोत उठला, मुलगे उठले. थोरली दारात आडवी झाली. "हात लावून बघा," म्हणाली. तिला वेडी समजत होते, म्हणून कुणी पुढं आलं नाही.

"मी आत येत नाही, आत्याबाई," आवडी म्हणाली. "पोरीला शिवत नाही. एकच मागते. तिला देण्याआधी तुम्ही चाखा."

"माझा उपास आहे."

"गेल्या वर्षी तुमचा उपास होता. त्याच्या आदल्या वर्षी उपास होता. त्याच्याही आदल्या वर्षी होता. तुम्ही हे सार कधी चाखलंत तरी का?"

"देवीच्या साराला विष म्हणतेस?" खोतणीनं तानीला घट्ट धरलं.

"नारू म्हणाला होता, कळकलंय. मी त्याचं ऐकलं नाही. मासा नि दूध खाऊन आले, फणस नि पान खाऊन आले, शिळं सार खाऊन आले. मरायला म्हणून खाल्लं, मेले नाही. जाऊबाई वर्षानुवर्षं खाताहेत, मेल्या नाहीत. मधल्या जाऊबाई विहिरीत गेल्या, ह्या बघा त्यांच्या वहाणा. राहिलं काय? हे तपेलं राहिलं. ते उजेडात आणा, साराच्या कडेनं आत काय धरलंय ते बघा."

मग आवडीचा नवरा, तोच खांबाला टेकणारा, पुढं आला. तपेलं उचललं, अंगणात उन्हात आणून ठेवलं. सगळे वाकले. साराच्या कडेला तांब्यावर हिरवं कडं धरलं होतं.

खोतीण वाकली नाही. ताठ बसली. "माझ्या देवीचं तपेलं आहे," म्हणाली, "माझ्या हातानं घासलेलं आहे. उपास मोडला तर मोडला." वाटी तपेल्यात बुडवली, तोंडाला लावली. एक घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. खोतणीच्या चेहऱ्यावर नारूचा चेहरा आला. आवडीनं तो ओळखला.

"कळकलंय गं," खोतीण म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं.

आवडी धावत पुढं झाली, तिचं मनगट धरलं. "पुरे, आत्याबाई. पुरे. टाका ते."

खोतणीनं हात सोडवून घेतला. "त्यांनी वाटीवाटी प्यालं. मी घोटावर थांबू?" मग तिनं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. वाटी रिकामी केली, तळ बोटानं निपटला. तानीला उचललं नि आवडीच्या ओटीत घातलं. मग परसात गेली.

सांजेला खोतीण ओकली. ओकत राहिली. आवडी तिच्या डोक्यापाशी बसली, कपाळ दाबलं, तोंड पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. खोतीण म्हणायची, जाऊ दे मला. आवडी म्हणायची, नाही. चार दिवस मरणाच्या दारात होती. मग डोळे उघडले.

आता तुम्ही वाट बघत असाल, देवी प्रसन्न होईल, तीर्थ शिंपडेल, लेकरं निजल्यागत उठून बसतील. इतर कहाण्यांत उठतात. ह्या कहाणीत उठली नाहीत. थोरलीचं उठलं नाही, मधलीचं उठलं नाही, नारू उठला नाही. मधलीही विहिरीतून आली नाही. मी ही कहाणी माझ्या आईकडून ऐकली, तेव्हा मीही विचारलं होतं, मग पुढं उठली ना? आई म्हणाली, नाही गं. आणि वाती वळत राहिली.

खोतीण उठून बसायला लागली तशी म्हणाली, तपेलं आणा. डोक्यावर घेतलं. मुलगे म्हणाले, आम्ही नेतो. नको म्हणाली. भर बाजारातून चालत गेली, कल्हईवाल्याच्या भट्टीपुढं मातीत बसली. त्यानं तपेलं तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. भात्याची राख उडाली, खोतणीच्या सोवळ्यावर पडली. तिनं झटकली नाही. तपेलं आतून पांढरं झालं, तेव्हा तोंडाला पदर लावून रडली. एवढीशी गोष्ट होती, बायांनो.

थोरलीला सगळे घरात या म्हणाले. ती अंगणापर्यंत आली, पाळण्याच्या कडीकडं बघितलं नि परत फिरली. मी कोळणीकडंच बरी, म्हणाली. आवडी दर महिन्याला तिच्याकडं जायची, दोघी मिळून मासे खायच्या, वर दूध प्यायच्या. मधलीच्या नावानं विहिरीवर दिवा लागू लागला. जाणत्याला खोताच्या ओसरीवर पुन्हा कुणी बोलावलं नाही, पण दुसऱ्या गावांत त्याला बोलावतात असं ऐकते. तिथं तो अजून विचारतो, काय खाल्लं, त्यावर काय घेतलं.

तानी वाढली. पुढचा वैशाख आला. मंगळवार झाला. सार नव्या मडक्यात मुरलं. बुधवारी सकाळी खोतीण पाटावर बसली. उपास धरणं तिनं सोडून दिलं होतं. आधी आपण घोट घेतला, घटकाभर थांबली. मग आवडीनं घेतला. मग तानीला चमचाभर दिलं.

"कसं लागतं गं बाळा?" खोतणीनं विचारलं.

तानीनं तोंड वाकडं केलं. "नको," म्हणाली.

सारात काहीही नव्हतं. पोरीला आंबट आवडायचं नाही, एवढंच. पण खोतणीचा हात जो थांबला, तो थांबला. वाटी खाली ठेवली. "नको तर नको," म्हणाली, आणि तिला भाताबरोबर गूळ दिला. आवडी दाराआड गेली. नको तर नको. नारूला तिनं हे म्हणायला हवं होतं. तिनं भिंतीला डोकं टेकलं, पोटभर रडून घेतलं, तोंड धुतलं आणि पानं वाढायला आली.

रांधणाई आवडीला उशिरा भेटली, एका लेकरापुरती भेटली. तुम्हां आम्हांला वेळेवर भेटो. आपल्या भांड्याचा तळ आपल्याला दिसो. लेकराच्या तोंडचा शब्द आपल्या कानी पडो. कुण्या आईच्या हाताला खोटं मरण न चिकटो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरीं सांगून झाली, ऐकणारीच्या चुलीवर सुफळ होवो, सांगणारीच्या जिभेवर संपूर्ण.

वाहा आता तांदूळ. आणि प्रसादाचं सार इकडं आणा. आधी मला द्या. मग पोरांना.